फुलचुरातलं खारं पाणी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. गुहागरजवळची आहे म्हटल्यावर "म्हंजे समुद्राच्या काठची?" अशी दोनदा खात्री करून घेतली, घाईघाईने आत गेले आणि स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन आले. गोंदियाचं एप्रिलचं ऊन, स्टेशनपासून फुलचूरपर्यंत ऑटोतले धक्के, घशाला कोरड. मी काही न बघता मोठा घोट घेतला आणि तसाच त्यांच्या अंगणातल्या कुंडीत थुंकून टाकला.

"असंच असते का?" त्यांनी विचारलं.

असंच असतं. लहानपणी लाटेने आडवं पाडल्यावर नाकातोंडात जायचं ते हेच पाणी. पण मी चिडले होते. बँकेने मला समुद्रापासून उचलून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं होतं, आणि हा अनोळखी म्हातारा पहिल्याच भेटीत मला खारं पाणी पाजत होता. मी म्हटलं, "नाही. जरा वेगळं असतं."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बोलण्याआधी असं करायची त्यांना सवयच होती, हे मला नंतर कळलं. शेवटी म्हणाले, "वरची खोली तुमची. किती वेगळं, थे सांगत जा."

मी सांगितलं कधीच नाही. पण दर पंधरा दिवसांनी वाटी पुढे यायची आणि मी तेच म्हणायची, जरा वेगळं असतं. पहिल्यांदा रागाने म्हटलं, मग सवयीने. एकदा बोललेलं मागे घ्यायला मोठं मन लागतं, आणि त्या दिवसांत माझं मन बदलीच्या अर्जाएवढंच होतं.

गल्लीत त्यांना सगळे केमिस्टसाहेब म्हणायचे. नोकरीभर ते वेगवेगळ्या वीजकेंद्रांत पाणी तपासायच्या कामावर होते, शेवटची वर्षं तिरोड्याला. बॉयलरमध्ये जायचं पाणी इतकं शुद्ध लागतं की त्यात चिमूटभरही क्षार चालत नाही. ते क्षार काढायचे हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पडवीत तसंच छोटं यंत्र बसवलं. नळाचं पाणी त्यातून शुद्ध व्हायचं, निळ्या ड्रममध्ये साठायचं आणि मग ते त्यात नागपूरहून आणलेलं समुद्री मीठ ओतायचे. समोरच्या काकूंनी एकदा विचारलं होतं म्हणे, की परत टाकावाचंच आहे तर काढता कायले? त्यावर ते त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मला मात्र एकदा आपणहून सांगितलं, "सारी नोकरी पान्यातलं मीठ काढलं, मॅडम. आता घालून राहिलो."

आणि समुद्र? समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. पुरीचं तिकीट तीन वेळा काढलं आणि तिन्ही वेळा रद्द केलं, कारण ऐन वेळी ड्युटी लागली. निवृत्तीनंतर जाता आलं असतं, पण तेवढ्यात ती घरात आली.

ती म्हणजे वाम, सापासारखा लांबडा मासा. प्रवाळाच्या खडकांत राहणारी, परदेशी समुद्रातली. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे घरच्या काकूंच्या चष्म्यासाठी दोघं नागपूरला गेले असताना, दुकानात काच बसेपर्यंत हे शेजारच्या मत्स्यालयाच्या दुकानात शिरले. ते दुकान बंद होत होतं. सगळे रंगीत मासे विकले गेले होते आणि एका टबात तेवढी ही उरली होती, कारण तिला बघून गिऱ्हाईक मागे सरायचं. काकूंचा चष्मा तसाच राहिला आणि वाम गोंदियाला आली. पुढे वर्षभराने काकूंनी सांगितलं की या घरात एक तर ती राहील नाही तर मी. मग काकू नागपूरला मुलीकडे राहायला गेल्या. हे त्यांनी मला असं सांगितलं, जणू एखाद्या प्रयोगाचा निकाल सांगताहेत. दिवाळीला काकू यायच्या, तेव्हा टाकीवर चादर टाकलेली असायची.

पुढच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी होती आणि त्यात दगड रचलेले. दगडांत पांढऱ्या पाइपचा एक तुकडा. ती त्या पाइपात. दिवसभर दिसायचं ते फक्त डोकं: बोथट, मलईच्या रंगाचं, नाकपुड्यांच्या जागी दोन पिवळ्या नळ्या, बारीक पिवळे डोळे. जेवणाच्या दिवशी अंग थोडं बाहेर यायचं आणि मग त्या मलईवर काळ्या ठिपक्यांच्या दोन रांगा दिसायच्या, रांगोळीवर कोणी काळी बोटं टेकवल्यासारख्या. खवले नाहीत, बाजूचे पर नाहीत, नुसतं बुळबुळीत लांबडं अंग. तोंड सतत उघडत-मिटत असायचं. बघणाऱ्याला वाटे, आता चावते.

"लोकायले वाटते, धमकावून राहिली," ते म्हणायचे. "श्वास घेऊन राहिली ते. तिचा श्वासच तसा आहे, तिनं काय करावं?"

मी पहिल्यांदा तिला बघितलं तेव्हा आमच्याकडे वामेचं कालवण फार छान होतं, असं बोलून गेले. चार दिवस जिन्यातला दिवा लागला नाही.

तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, सगळा कारभार वासावर. चोरखमाऱ्याच्या तलावावरचा एक ढिवर त्यांना मंगळवारी आणि शनिवारी झिंगे आणून द्यायचा. लांब चिमट्यात झिंगा धरून ते पाण्यात सोडायचे, आणि ती झिंग्याच्या शेजारून दोनदा जाऊन तिसऱ्यांदा पकडायची. मोठा असला तर अंगाचीच गाठ मारून, त्या गाठीतून डोकं ओढून तुकडा तोडायची. ते बघताना मी जेवणाचा डबा बाजूला ठेवायची आणि ते लहान मुलासारखे हसायचे. एरवी त्यांना हसताना गल्लीत कोणी बघितलं नव्हतं.

बसलेलंही बघितलं नव्हतं. पहाटेपासून पुढच्या खोलीतून पडवीत, पडवीतून पुढच्या खोलीत. हातात एक काचेचा हायड्रोमीटर असायचा, म्हणजे पाण्यात सोडला की खारटपणाप्रमाणे वर-खाली तरंगणारी नळी. तिच्यावर त्यांनी लाल रंगाने बारीक रेघ ओढली होती. नळी त्या रेघेपर्यंत बुडाली पाहिजे, ना कमी ना जास्त. बत्ती गेली की त्यांची धावपळ बघवत नसे. पंप बंद, पाण्यातली हवा बंद. इन्व्हर्टर होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. वीज तिरोड्यात बनते अन् फुलचुरातून पळते, असं पुटपुटत ते हाताने हवा भरायचा पंप घेऊन टाकीशी उभे राहायचे. वरच्या मजल्यावर मी येरझारा घालायची, कारण मला इथे राहायचंच नव्हतं. माझी एक बॅग दोन वर्षं भरलेलीच होती. वर मी, खाली ते. अख्ख्या घरात स्वस्थ असलेली एकटी तीच, पाइपातली.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. कोणी काही सांगायला लागलं, दूधवाला, मीटर बघणारा, मी, की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "माणूस खोटं बोलते. पानी नाही बोलत."

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची एक नळी बंद असल्याचं सांगितलं आणि लगेच दाखल व्हायला सांगितलं. त्यांनी तारीख दोनदा पुढे ढकलली. मुलगी फोनवर रडली, काकूंनी बोलणं सोडलं. तिसऱ्यांदा मुलीने मला फोन केला: बाबा म्हणतात तिच्याजवळ कोण राहील, तुम्ही राहाल का? मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या 'हो'मध्ये माया कमी आणि नाही म्हणायची लाज जास्त होती.

जाताना त्यांनी मला किल्ली आणि एक वही दिली. वहीत सगळं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. झाकणावर वीट ठेवल्याशिवाय टाकीपासून हलू नये, ती बाहेर उडी मारते. हात पाण्यात घालू नये. आठ दिवसांत काही बदलू नये. ड्रम भरून ठेवला आहे, मीठ घातलेलं नाही, घालावं लागणार नाही. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: तोंड हळू उघडमीट होत असेल तर सगळं ठीक.

ऑटोत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून तोंड दोनदा उघडलं-मिटलं, आणि ऑटो सुटला.

त्यांची नळी उघडायची वेळ ठरली ती नेमकी नागपंचमीच्या सकाळी.

त्या सकाळी मी बँकेत निघाले तर दारात सात बायका. समोरच्या काकू पुढे, हातात ताट. दोन वर्षांत या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, मीही कधी गेले नव्हते. काकूंनी अडचण सांगितली. दरवर्षी त्या मागच्या रिकाम्या प्लॉटवरच्या वारुळाला पुजायच्या. यंदा तिथे ले-आऊट पडला, जेसीबी फिरला, वारूळ सपाट. गावाकडे जायला वेळ नाही. सुनेला सातवा लागलेला, पूजा चुकवून चालणार नाही.

"साहेब असते तं उभं बी नसतं केलं," काकू म्हणाल्या. "तुमी समजदार हा, बाई. पाच मिन्टाचं काम."

मी सांगितलं, तो साप नाही, मासा आहे. त्या म्हणाल्या, मासा असला तरी आंग तर नागाचंच आहे. आणि मग माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. माझा सगळा पीळ तिथेच गेला. दोन वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. मी किल्ली काढली.

मला वाटलं, काचेला कुंकू लावतील आणि जातील. लावलंही. मग मी बँकेत उशिरा येतेय हे सांगायला फोन घेऊन पडवीत गेले, आणि परत आले तोवर वीट खाली होती, झाकण उघडं होतं आणि सातवी बाई आपली वाटी रिकामी करत होती. सात वाट्या दूध. वर लाह्या. पाण्यात पांढरा ढग हळूहळू खाली उतरत होता आणि बायका हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या मनात एक कणही वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

त्या गेल्या. मी लाह्या गाळणीने काढल्या. दूध कशाने काढणार? ती पाइपातून बाहेर आली. दोन वर्षांत मी तिला पूर्ण लांबीची कधी पाहिली नव्हती, माझ्या हाताएवढी होती. दगडांवरून सरपटत ती पृष्ठभागाकडे आली आणि डोकं वर धरून उभी राहिली. तोंड भराभर उघडत होतं, मिटत होतं.

त्याच वेळी फोन आला. त्यांना आत न्यायची तयारी चालली होती, मागे मुलीचा आवाज येत होता की पुरे झालं बाबा.

"हळू करून राहिली ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका," मी म्हटलं. "अगदी हळू."

मग फोन मुलीने घेतला आणि बंद झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छाती उघडी टाकून पडलेल्या माणसाला खरं सांगणं पाप होतं आणि खोटं सांगणंही.

ड्रममध्ये शुद्ध पाणी होतं, मिठाचं पोतं पडवीत होतं. बँकेला पोट दुखतंय म्हणून कळवलं आणि ड्रममध्ये पंप सोडला. कपडे वाळत घालायच्या काठीने ढवळत मी मीठ ओतायला लागले. किती घालायचं ते वहीत नव्हतं, कारण घालायचंच नव्हतं. हायड्रोमीटर आणायला धावले, ओल्या हातातून तो निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. ती लाल रेघ असलेला तुकडा कपाटाखाली गेला. दुसरा हायड्रोमीटर त्यांच्या कपाटात कुलूपबंद होता.

मग माझ्याकडे एकच साधन उरलं. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं.

पुळचट होतं. आणखी मीठ. पुन्हा चाखलं. आमच्या खाडीच्या तोंडाला पावसात लागतं तसं होतं. आणखी मीठ. बाबा मला कमरेला धरून लाटेत उभी करायचे आणि लाट आली की सोडून द्यायचे, ते आठवायला लागलं. ज्या पाण्यासाठी मी दोन वर्षं तडफडत होते ते मी फुलचुरात, एका निळ्या ड्रममध्ये, काठीने ढवळत होते. मला रडू फुटलं, आणि रडत-रडत मी चाखत राहिले. शेवटी एका घोटाला वाटलं, हेच.

मागे पाणी सांडल्यासारखा आवाज झाला. वीट मी परत ठेवलीच नव्हती. वाम काचेच्या काठावरून घसरून फरशीवर पडली होती आणि धूळ-कुंकवात वळवळत होती. हात लावू नये, वहीत लिहिलं होतं. मी ओढणी ड्रममध्ये बुडवली, तिच्यावर टाकली, दोन्ही हातांनी उचलली आणि ड्रममध्ये सोडली.

ती तळाला गेली आणि पडून राहिली. हालचाल नाही. मी ड्रमला धरून खाली बसले. ही मेली तर त्यांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. ते परत आले नाहीत तर ते सांगायची वेळच येणार नाही, असाही विचार आला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

किती वेळ गेला माहीत नाही. तोंड उघडलं. मिटलं. बऱ्याच वेळाने पुन्हा उघडलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला की सगळं व्यवस्थित झालं, बाबा बाहेर आल्यापासून तेच विचारताहेत. मी म्हटलं, सांगा, हळू चाललंय. या वेळी ते खरं होतं.

पुढचे तीन दिवस मी टाकी उपसली, घासली आणि ड्रममधलं पाणी चाखून-चाखून तसंच आणखी बनवलं. शेवटी तिला परत पाइपात सोडलं. आठव्या दिवशी ते आले. मुलगी जिन्यात सामान ठेवतेय तोवर ते सरळ टाकीशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मग कपाटातून दुसरा हायड्रोमीटर काढून पाण्यात सोडला. त्यावरही तशीच लाल रेघ होती. नळी रेघेपर्यंत बुडेना, तांदळाच्या दाण्याएवढी वर तरंगत राहिली.

"हे पानी माह्यावालं नाही," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. बायका, दूध, फुटलेली नळी, फरशी, ओढणी, फोनवरचं खोटं. त्यांचं तोंड उघडत-मिटत राहिलं आणि मी शिव्यांची वाट बघत राहिले. त्यांनी फक्त विचारलं, मीठ कशानं मोजलं? मी म्हटलं, जिभेने.

ते खुर्चीवर बसले. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं. वाटी मागवली, टाकीतलं पाणी घेतलं, चाखलं, डोळे मिटले.

"तुमी सांगत होत्या थे खरं होतं," ते म्हणाले. "जरा वेगळंच असते."

त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने जुनी रेघ पुसली आणि दाण्याएवढ्या अंतरावर नवी ओढली. मुलगी म्हणाली, बाबा, आता पडा. पण नवी रेघ मनासारखी येईपर्यंत त्यांनी ती दोनदा पुसली. मला बोलायचं होतं, की नाही काका, तुमचंच बरोबर होतं, मी पहिल्या दिवसापासून खोटं बोलतेय. सगळं कबूल केलं त्या दिवशी, एवढं एकच राहिलं.

गेल्या वर्षी माझी बदली झाली. बॅग भरलेलीच होती, तरी निघायला चार दिवस जास्त घेतले. घरी पोचल्यावर संध्याकाळी समुद्रावर गेले, ओंजळभर पाणी घेतलं आणि चाखलं. ते त्यांच्या पहिल्या वाटीतलं पाणी होतं. माझं नव्हे, त्यांचं. माझं दाण्याएवढं जास्त खारट होतं, कारण त्या दिवशी चाखताना मी रडत होते, आणि जिभेवर आधीच मीठ असलं की पाणी अळणी लागतं, हे मी धरलंच नव्हतं.

तिथूनच फोन लावला. तुमची जुनी रेघच बरोबर होती, पहिल्या दिवसापासून बरोबर होती, मी उगाच वेगळं म्हणत होते, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. लाटांच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येईना. मला वाटलं फोन बंद झाला. पण त्यांचं तोंड उघडत-मिटत असणार, हे मला माहीत होतं.

"राहू द्या, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "तिले आता तुमच्यावाल्या पान्याची सवय झाली."